दुप्पटरावांचा आकडा

आमच्या ह्यांनी कुठलाही आकडा सांगितला की तो निम्मा धरायचा, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकले.

हे रंगकामाच्या कंत्राटदाराकडे एस्टिमेट काढायला असतात. लोकांच्या घरी जायचं, भिंती मोजायच्या, पोपडे नखाने खरवडून बघायचे आणि किती डबे लागतील, किती दिवस जातील ते सांगायचं. त्या धंद्याची रीतच अशी की खरा आकडा कधी तोंडातून काढायचा नाही. त्यावर भरपूर मार्जिन ठेवायचं, कारण गिऱ्हाईक घासाघीस करणारच आणि एखादी भिंत आतून ओली निघणारच. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाची जीभ घरीही तशीच वळते. "तासाभरात येतो" म्हणाले की अर्ध्या तासात दारात हजर. "वीस माणसं जेवायला आहेत" म्हणाले की मी दहा जणांचा स्वयंपाक करते, आणि आजवर कधी कमी पडलेला नाही. आमची मुलगी त्यांना दुप्पटराव म्हणते. ती आता शिकायला बाहेर आहे, पण फोन केला की पहिला प्रश्न तोच, "दुप्पटराव काय म्हणतात?" हे नुसते हसतात. मला मात्र वाटतं, एखादा आकडा सरळ सांगितला तर काय जीभ झडणार आहे का ह्यांची?

उन्हाळा लागायच्या सुमारास माझे बाबा आमच्याकडे राहायला आले. आले म्हणजे काय, मी ओढून आणले. आई गेल्यापासून एकटेच राहत होते आणि आता हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या गोळ्यांवर असलेल्या माणसाला उकाडा सोसत नाही. दुपारची खोली गार ठेवा. त्यांना स्वतःला काही कळणार नाही, बरं वाटतंय असंच म्हणतील आणि एकदम कोसळतील." ते "एकदम कोसळतील" माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

आणि आमचं घर कसं, तर सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर नुसता स्लॅब. दुपारी भिंतीला हात लावला तर भिंतीलाच ताप आलाय असं वाटावं. भिंतीतला एसी लावायचा म्हटलं तर घरमालक भोक पाडू देईना. "माझ्या भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही" म्हणाला, जसा काही आम्ही तोफेचा गोळाच मारणार होतो. शेवटी ह्यांच्या एका गिऱ्हाइकाने नवीन घर रंगवताना जुना चाकांवरचा एसी काढला, तो आम्ही स्वस्तात उचलला. कंबरेएवढं पांढरं धूड, मागे हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप. तो पाइप खिडकीतून बाहेर काढायचा, म्हणजे गरम हवा बाहेर जाते. ह्यांनी खिडकीच्या फटीला पुठ्ठा कापून बसवला, चिकटपट्टी मारली, पाइप तापून खोलीतच ऊब सोडतो म्हणून त्याला जुनी चादर गुंडाळली. एवढं सगळं मन लावून करताना मी त्यांना बऱ्याच दिवसांनी बघितलं.

मशीन सुरू झालं आणि जेवताना बिलाचा विषय निघाला. निघणारच. मी लॉन्ड्रीत चादरींच्या रोलरवर उभी असते, हे भिंती मोजतात, मुलीची फी आहे. ह्यांनी मशीनच्या मागच्या पट्टीवरचे वॅट चष्मा लावून वाचले, बिलाच्या कागदावर मागच्या बाजूला गुणाकार केला.

"तासाला सव्वा युनिट धरा. थंड झालं की मशीन मध्ये मध्ये थांबतं म्हणतात, पण आपला स्लॅब त्याला थांबू देणार नाही. सकाळचं ऊन चढल्यापासून संध्याकाळपर्यंत, म्हणजे रोजची दहा युनिटं. आता एवढा वापर झाला की वरचा दर लागतो." मग त्यांनी महिन्याचा आकडा सांगितला. आमच्या घरभाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

मी मनातल्या मनात निम्मा केला आणि म्हणाले, "जमेल." पोटाला चिमटा बसणार होता, पण जमेल. बाबा समोर बसले होते. त्यांनी घास हातात धरून विचारलं, "एवढं?"

"तुम्ही त्यात डोकं घालू नका, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही फक्त रिमोटचं बटण दाबायचं."

बाबा जन्मभर बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत बसले. तिकिटावर छापलेली रक्कम म्हणजे रक्कम, तिथे निम्मी धरायची सोय नाही. आमच्या घरातली ही आकडे अर्धे करायची सवय त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. आम्हाला ती इतकी अंगवळणी पडलेली की सांगायची असते हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर मशीन सुरू झालं आणि माझ्या कामात आणखी एकाची भर पडली. हवेतला दमटपणा ओढून ते पाणी करतं आणि तळाच्या टाकीत साठवतं. टाकी भरली की ते टीं टीं करत थांबतं. ती ओढून काढायची, न सांडता न्हाणीघरापर्यंत न्यायची, ओतायची, परत बसवायची. पहिल्या रविवारी आम्ही सगळे घरी होतो, तर संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरली. उचलताना माझी कंबर अशी धरली की मी मशीनला, घरमालकाला आणि सूर्याला एकदमच शिव्या घातल्या.

पण सोमवारपासून गंमत झाली. संध्याकाळी घरी येऊन बघते तर टाकीत तळाला जेमतेम पाणी. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. मला काय वाटावं? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. म्हटलं रविवारी आपण सारखे आत-बाहेर करतो, दार उघडतो, बाहेरची दमट हवा आत येते, म्हणून तेवढं पाणी. बाबा एकटे असतात, दार बंद असतं. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांचे गोळे झालेल्या बाईला एक काम कमी झालं तर ती खोलात कशाला शिरेल?

लॉन्ड्रीतला उकाडा सांगून कळायचा नाही. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. दोघींनी दोन टोकं धरून ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये घालायची, पलीकडून ती कडक होऊन निघते आणि तिच्यातली सगळी वाफ आपल्या तोंडावर येते. पंखे आहेत, पण ते तीच वाफ इकडून तिकडे फिरवतात. सुटी झाली की मी अक्षरशः पाय ओढत घरी येते. आणि त्या दिवसांत घरी आले की पिशवी टाकायची, चपला भिरकावायच्या आणि सरळ बाबांच्या खोलीत जाऊन मशीनसमोर फरशीवर बसायचं. थंडगार! मानेवरचा घाम वाळायचा. बाबा पलंगावर पेपर घेऊन बसलेले असायचे. "ये गं पोरी, बस" म्हणायचे. ती दहा-पंधरा मिनिटं म्हणजे माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग. मी डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "मजा आहे बाबा तुमची. दिवसभर हे असं." ते हसायचे.

शनिवारी संध्याकाळी हे जिन्याखालचा मीटर बघून वर आले. हातात तोच बिलाचा कागद. कपाळावर आठ्या.

"निम्मंच आलंय," म्हणाले.

"काय निम्मं?"

"युनिटं गं. मी म्हटली होती त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत."

मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "मग नेहमीसारखंच झालं की. तुमचं कधी पूर्ण आलंय?"

मला वाटलं, हसतील. हे हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "अगं, पण या वेळी मी मार्जिन ठेवलंच नव्हतं."

"अहो, तुम्ही? आणि मार्जिन नाही?"

"बाबांचा विषय होता. त्यांच्यासमोर फुगवून कसा सांगू? आणि कमी सांगून नंतर तोंडावर आपटायचं नव्हतं. दोनदा गुणून बघितला. बरोबर आकडा होता तो." त्यांच्या आवाजात मानभंग झाल्यासारखं काहीतरी होतं. आयुष्यात एकदा माणसाने खरं एस्टिमेट दिलं आणि मीटरने ते खोटं ठरवलं. "मीटरच बिघडला असेल," म्हणाले आणि परत कागदात तोंड खुपसलं.

माझ्या हातातली सुरी थांबली. आकडा खरा होता. मीटर आजवर कधी बिघडला नव्हता. मग उरलेली वीज गेली कुठे? आणि टाकीत ते तळाला जेमतेम पाणी. आतल्या खोलीतून मशीनची घरघर येत होती, मी घरी होते ना, म्हणून येत होती.

त्याच पावली आत जाऊन विचारावंसं वाटलं. पण बाबांना मी ओळखते. "छे, छे, चालू तर असतं" म्हणाले असते आणि त्यावर मी काय करणार होते? रविवारी सगळे घरी होतो, मशीन दिवसभर चाललं, टाकी काठोकाठ भरली. मी ती ओतली आणि काही बोलले नाही.

सोमवारी जेवणाच्या सुटीत मी मुकादमबाईंना सांगितलं, बरं वाटत नाहीये, अर्धा दिवस जाते. त्यांनी "आता? एवढ्या चादरी पडल्यात!" म्हणून डोळे वटारले आणि अर्धी हजेरी कापली. मी भर उन्हात घरी आले. माझ्या चपलांचा आवाज बाबांना ओळखू येतो म्हणून शेवटच्या जिन्याला त्या काढून हातात घेतल्या. पायऱ्या इतक्या तापलेल्या की मी जवळजवळ नाचतच वर गेले. स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरले.

खोलीचं दार सताड उघडं. मशीन बंद. बाबा दाराजवळ फरशीवर बसलेले, पाठ भिंतीला, अंगात बनियन, पाय बादलीतल्या पाण्यात. डोक्यावर ओला टॉवेल, तोही निम्मा वाळलेला. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. तेवढ्या एका क्षणात मनातल्या मनात माझं सगळं करून झालं, माणसं बोलावून झाली, रडून झालं.

"बाबा!"

त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं आणि त्यांचा हात पहिला कुठे गेला असेल? मांडीजवळच्या रिमोटकडे.

"आज लवकर सुटलीस?" म्हणाले. जीभ जड झाली होती.

मी रिमोट हिसकावला, मशीन लावलं, दार आपटून बंद केलं. पाणी आणलं, घोट घोट पाजलं. मान, काखा ओल्या फडक्याने पुसल्या. छाती केवढी धडधडत होती त्यांची, माझ्या तळहाताला लागत होती. ती जरा शांत होईपर्यंत मी थांबले. मग माझं डोकं जे फिरलं!

"वेड लागलंय का तुम्हाला? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? मी तिकडे मरमर मरते कशासाठी? हे धूड शोभेला आणलंय का घरात? मी येऊन दार उघडलं असतं आणि तुम्ही इथे... काय केलं असतं मी? सांगा ना, काय केलं असतं?" मी रडत होते आणि रडताना आणखी चिडत होते.

बाबांनी मला रडू दिलं. मग पाय बादलीतून काढून नीट पुसले, जसं काही तेच महत्त्वाचं काम होतं.

"अगं, भाड्याचा तिसरा हिस्सा," म्हणाले. "जावईबापूंनी सांगितला तो आकडा ऐकलाय मी. आणि तू तिकडे दिवसभर वाफेत उभी. लेक वाफेत आणि बाप गारव्यात पाय पसरून. माझ्या अंगाला लागत नाही गं तो गारवा. पहिल्या दिवशी प्रयत्न केला. बसवेना."

"मग संध्याकाळी कसा लावता?"

"तू यायच्या आधी लावावाच लागतो. खोली गार व्हायला वेळ लागतो." ते मशीनकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "तू येतेस, तिथे बसतेस, डोळे मिटतेस. तेवढंच काय ते तुला सुख. तेवढ्यासाठी तर लावतो."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मशीन आणलं बाबांसाठी आणि चाललं माझ्यासाठी. मी रोज त्यांच्यासमोर मांडी घालून, डोळे मिटून, "मजा आहे तुमची" म्हणत होते.

अंगात त्राण नव्हतं. मी नेहमीच्या जागी मशीनसमोर फरशीवर बसले. मग म्हटलं, यांना रडून पटणार नाही, यांना तिकिटासारखं छापील काहीतरी द्यावं लागेल.

"बाबा, आज माझी अर्धी हजेरी कापली."

त्यांनी मान वर केली.

"उद्याही कापतील. परवाही. कारण आता मी रोज दुपारी येऊन बघणार, मशीन चालू आहे का. तुम्ही जन्मभर हिशेब केलेत ना? मग करा. माझी अर्धी हजेरी एका बाजूला, तुमचं दिवसभराचं मशीन एका बाजूला."

"अगं, पण असं..."

"करा."

त्यांचे ओठ हलले. मनातल्या मनात गुणत होते, मला दिसत होतं. दिवसभर मशीन चालवलं तरी माझ्या अर्ध्या हजेरीएवढं होत नव्हतं, हे मी जिना चढतानाच काढलं होतं. त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि पलंगावर उशीशेजारी ठेवला.

"नको कापून घेऊस," म्हणाले. "उद्यापासून लावतो."

"शपथ?"

"आकडा आहे ना. शपथ कशाला?"

मी तिथेच आडवी झाले. जरा पाठ टेकते म्हटलं ती सरळ झोपूनच गेले, भर दुपारी, कामाच्या कपड्यांत. जाग आली तेव्हा खिडकीच्या पुठ्ठ्यावरचं ऊन उतरलं होतं. डोक्याखाली उशी होती, अंगावर चादर. खोली इतकी गार की बाबांनी सदरा घालून वरपर्यंत बटणं लावली होती. पेपर वाचत बसले होते, पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून हळूच उलटत होते.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. हे बाबांच्या समोर उभे राहिले, नुसते चष्मा पुसत राहिले. बाबाच म्हणाले, "जावईबापू, तुमचा आकडा चोख होता हं. चूक माझी होती." ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं, मी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, पण अर्धं चित्त घरी. दुपारी न राहवून फोन लावला.

"चालू आहे," बाबा म्हणाले. मी काही विचारायच्या आतच. आणि त्यांनी फोन मशीनजवळ धरला. रोलरच्या खडखडाटात मी दुसऱ्या कानात बोट घालून ऐकत राहिले, घर्र, घर्र, घर्र. पलीकडची बाई चादरीचं टोक धरून ओरडली, "अगं, किती वेळ?" मी म्हटलं, "थांब गं जरा."

घरी आले तेव्हा जिन्यातच टीं टीं ऐकू आली. टाकी काठोकाठ भरून मशीन नुकतंच थांबलं होतं. बाबा पलंगावरून उठायच्या बेतात होते.

"आत्ताच ओरडायला लागलंय," म्हणाले. "मला उचलायला जमायचं नाही."

"तुम्ही हात लावायचा नाही," मी म्हटलं आणि टाकी ओढली. भरलेली, जड, दोन पावलांवर हिंदकळून माझ्या पायावर सांडली. गार पाणी. कंबरेत कळ आली, पोटऱ्या आधीच बोलत होत्या. मी दारातच थांबले, टाकी पोटाशी धरून. ह्याच वजनाला मी पहिल्या रविवारी शिव्या घातल्या होत्या.

"फेकू नकोस गं," मागून बाबांचा आवाज आला. "एवढे पैसे मोजून काढलेलं पाणी आहे. फरशी तरी पूस त्याने."

"पुसते," मी म्हणाले आणि टाकी बादलीत ओतायला न्हाणीघराकडे घेऊन गेले.